उभ्या गाडीची थरथर

मित्रांनो, पळण्याचा त्रास मला कधीच झाला नाही. मला छळलं ते उभं राहण्यानं. मी एक जुनी, चार दारांची, पांढरी गाडी आहे. पांढरी म्हणायचं ते कागदोपत्री; खरं पाहता माझा रंग आता न घासलेल्या दातांसारखा झाला आहे. माझ्या टपावर एक पाटी आहे आणि तिच्यावर मोठ्या लाल अक्षरांत 'शिकाऊ' असं लिहिलेलं आहे. गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेत मी एकोणीस वर्षं काढली. शेकडो माणसं माझ्याकडून शिकून गेली, मी मात्र अजून शिकाऊच!

तुम्ही म्हणाल, गाडीला उभं राहण्यात कसला आलाय त्रास? सांगते. जरा घाईघाईत सांगेन, तेवढं चालवून घ्या. एका जागी स्वस्थ राहून बोलायची सवय मला अलीकडेच लागली आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबच लांब पट्ट्यावर झाला. माझ्या पुढेही माझ्यासारखीच, मागेही माझ्यासारखीच. कुणी दार बसवलं, कुणी काच, कुणी दिवे. पट्ट्याच्या शेवटी एक पिकल्या मिशांचा कारागीर उभा असे. तो इंजिन चालू करायचा आणि बोनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा. पाणी डचमळलं की गाडी परत मागे. माझी पाळी आली तेव्हा पेल्यातलं पाणी झोपल्यासारखं पडून राहिलं. "ही शहाणी निघाली," तो म्हणाला. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढे बरीच वर्षं मी तेवढ्यावरच भागवलं.

गाडी उभी असते पण इंजिन चालू असतं, त्याला गॅरेजमधले लोक 'आयडल' म्हणतात. सिग्नलला, फाटकापाशी, कुणाची वाट बघताना. पळत असताना गाडीचे लहानसहान दोष वाऱ्यावर जातात. उभी राहिली की पोटातलं सगळं बाहेर दिसायला लागतं. माणसांचंही तसंच असतं म्हणे. मला काय, मी जे ऐकलं ते सांगते.

कारखान्यातून मी थेट मास्तरांकडे आले. मास्तर म्हणजे उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचा माणूस. सदऱ्याच्या खिशात दोन पेनं आणि त्यांच्या शेजारी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. शिकणारा चालकाच्या जागी बसे आणि मास्तर त्याच्या शेजारी. मास्तरांच्या पायापाशी एक जादा ब्रेक होता, तो एका दांडीने मुख्य ब्रेकला जोडलेला होता. शिकणारा गोंधळला की मास्तर आपल्या पायाने मला थांबवत. शिकवायला माणूस पक्का. पहिल्याच दिवशी ते शिकणाऱ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेत, "थांबलं की हँडब्रेक, गिअर मोकळा, पाय मोकळे!" थांबलेल्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवून बसणारा माणूस त्यांना चपला घालूनच घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखा वाटे. ते स्वतः तर असे कधीच बसत नसत. हे लक्षात ठेवा मित्रांनो, कारण माझ्या सगळ्या रडकथेचं मूळ ह्याच चांगल्या सवयीत आहे.

पहिली पंधरा-सोळा वर्षं माझी छान गेली. मास्तर मला रोज सकाळी पुसत. शिकून गेलेले लोक रस्त्यात भेटले की माझ्या टपावर थाप मारत. एका डॉक्टरीणबाईंनी तर परवाना मिळाल्यावर माझ्या आरशाला हार घातला होता. तो सुकून कोळ झाला तरी मास्तरांनी आठवडाभर काढला नाही.

मग एके दिवशी माझ्या पोटात काहीतरी फाटलं.

फाटलं म्हणजे मोठा आवाज वगैरे काही नाही. इंजिनाच्या मागच्या भिंतीला एक काळा गोल डबा असतो. त्याला ब्रेक बूस्टर म्हणतात. आत रबराचा पडदा असतो. इंजिन एका जाड नळीने त्या डब्यातली हवा सतत ओढून घेतं, आणि त्या ओढीच्या जोरावर तुमच्या पायाने हलकेच दाबलेला ब्रेक जोरात लागतो. माझ्या त्या पडद्याला बारीकशी चीर पडली. ब्रेकवर पाय पडला की चीर उघडायची, नको ती हवा तिच्यातून थेट इंजिनात शिरायची आणि इंजिन ठसका लागल्यासारखं अडखळायचं. पाय काढला की चीर मिटायची आणि मी पुन्हा शहाण्यासारखी गुरगुरायची.

आता बघा गंमत. मास्तरांचे शहाणे विद्यार्थी थांबल्याबरोबर हँडब्रेक ओढून पाय मोकळे करत. त्यांच्याखाली मी ठीक. एखादा विसराळू ब्रेकवर पाय तसाच ठेवी, तेव्हा मी थडथडायची, कधी बंदच पडायची. मास्तर उतरत, बोनेट उघडत, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढत आणि माझ्या इंजिनाचा एक छोटा स्क्रू पाव फेरा फिरवत. त्या स्क्रूने उभ्या गाडीचं इंजिन किती जोरात फिरायचं ते ठरतं. पाव फेरा फिरवला की इंजिन जास्त जोरात फिरू लागे, आणि ठसका लागला तरी बंद पडत नसे. "कच्च्या पायांना जरा सांभाळून घ्यायला हवं," असं मास्तर म्हणत. ताप असो की पोटदुखी, त्यांच्याकडे गोळी एकच. चीर वाढत गेली, स्क्रू फिरत गेला. उभी असताना मी शर्यतीत सोडलेल्या घोड्यासारखी फुरफुरायला लागले. मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण मला तोंड कुठे आहे? मला जे काही बोलता येतं ते थरथरून.

अशा वेळी मावशी आल्या.

मावशी म्हणजे चौकातल्या शिवणाच्या दुकानाच्या मालकीण. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात कायम मोजायची टेप. तीस वर्षं त्यांनी पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवले होते. त्यांच्या यजमानांची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा त्यांना रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर घेऊन जावं लागे, आणि दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. घरची गाडी होती, पण ती चालवायचे यजमान स्वतः. आता त्यांना ती झेपत नव्हती. वरच्या मजल्यावरचे शेजारी दर वेळी गाडी काढून दोघांना नेऊन आणत. देवमाणूस! पण त्या देवमाणसाची बदली झाली होती आणि महिनाअखेरीस तो बिऱ्हाड हलवणार होता.

म्हणून मावशींनी ह्या वयात स्टिअरिंग हातात घेतलं. परीक्षेला दोनदा बसल्या आणि दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा एकाच जागी. चढाच्या पायथ्याशी पांढरी रेघ असते. तिथे तपासणारे साहेब म्हणतात, "थांबा. मी सांगेपर्यंत ब्रेक सोडायचा नाही." मावशींनी ब्रेक धरला, मी थडथडले, आणि क्लच उचलायची वेळ आली तशी बंद पडले. साहेबांनी कागदावर फुली मारली. तिसऱ्या वेळी नापास झालं की सहा महिने परीक्षा नाही, असा नियम. महिना संपायला मात्र सतरा दिवस राहिले होते.

"मावशी, तुमचा पाय थरथरतो," मास्तर म्हणाले.

"माझा पाय?" मावशींनी आपल्या पायाकडे असं पाहिलं, जणू तो उसना आणलेला आहे.

"सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून बसता. किती वेळा सांगितलं? हँडब्रेक ओढा, पाय मोकळा करा. तुमचा पाय काही मोकळा होत नाही."

"तीस वर्षांची सवय आहे हो. मशीन थांबलं तरी पाय पायट्यावरच असतो. पायाखाली यंत्र असलं की त्याचं काय चाललंय ते कळत राहतं."

"हे शिलाई मशीन नाही, मावशी," मास्तर म्हणाले.

मास्तर अगदीच निष्काळजी होते असं मी म्हणणार नाही. मनात शंका होती म्हणून त्यांनी मला तीनदा मेस्त्रींकडे नेलं. मेस्त्री म्हणजे गॅरेजवाले. बुटके, पोट सुटलेले, हात कोपरापर्यंत काळे आणि बोलणं तिखट. पण मास्तरांना सगळीकडे मास्तरकी करायची खोड. गाडीतून उतरता उतरता सांगत, "प्लग बदला." मेस्त्रींनी प्लग बदलले. दुसऱ्या खेपेला, "कार्बुरेटर धुऊन काढा." धुऊन काढला. तिसऱ्या खेपेला, "इंजिनाखालची रबरं गेली असतील." रबरं नवी आली. दर वेळी मास्तर मला गॅरेजमध्ये उभी करत, हँडब्रेक ओढत, पाय मोकळे करून खाली उतरत, आणि मी काय करायची? गपगुमान गुरगुरायची! दवाखान्याची पायरी चढली की दुखणं पळून जातं, तसं माझं झालं होतं. किती तळमळले मी. कुणीतरी आत बसा रे, कुणीतरी तो ब्रेक दाबा! कुणी दाबला नाही.

"बघा, काही नाही हिला," मेस्त्री म्हणत.

"म्हणजे माणसांचेच पाय," मास्तर म्हणत.

आणि मग तो पोस्टमनचा दिवस उजाडला.

बाजाराकडून उतरता रस्ता होता. मावशी माझ्या चालकाच्या जागी. पुढे एक पोस्टमन सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. मावशींनी वेळेवर ब्रेक दाबला, ह्याची साक्ष मी देते. पण डब्यातली ओढ गळून गेली होती. ब्रेक लाकडासारखा ताठ झाला. मावशींनी दोन्ही पाय त्याच्यावर रोवले, शेजारून मास्तरांनीही आपला ब्रेक जीव खाऊन दाबला, तेव्हा कुठे मी थांबले. सायकलच्या मागच्या चाकात आणि माझ्यात वीतभर अंतर होतं. पोस्टमनने माझ्या बोनेटवर मूठ आपटली, खाली पडलेली पत्रं गोळा केली आणि मास्तरांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

मास्तर पांढरेफटक पडले होते. "मावशी, ब्रेक का नाही दाबला?"

"दाबला हो मास्तर. दगडावर पाय दिल्यासारखं लागलं."

"घाबरलं की तसंच वाटतं."

दुकानापर्यंत मला मास्तरांनी आणलं. उतरताना मावशी म्हणाल्या, "मास्तर, उद्यापासून येऊ नका. घरात एक माणूस आजारी आहे तेवढं पुरे. माझ्या पायाने आणखी कुणाच्या घरात दुखणं नको." आणि त्या दुकानात निघून गेल्या. मित्रांनो, दोष माझ्या पोटात होता आणि शरम त्यांनी घरी नेली. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मास्तर तरीही ठरल्या वेळी मला घेऊन दुकानासमोर आले. माणूस हट्टी, पण वाईट नाही. इंजिन चालूच ठेवलं, हँडब्रेक ओढला, आणि आपल्या नेहमीच्या जागी सरकून हॉर्न वाजवला. खिडकीतून मावशी मशीनवर बसलेल्या दिसत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. मशीनचा आवाज एका लयीत चालला होता. मी तो आवाज रोज ऐकायची आणि मला हेवा वाटायचा. एवढ्यात तो आवाज अडखळला. टाके सुटायला लागले.

समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "सुई बोथट झाली वाटतं."

"नाही," मावशी म्हणाल्या. "दाबलं की अडखळतंय, सोडलं की नीट. पट्टा सैल झालाय." त्यांनी पट्टा काढला, दोन बोटं कापला, पुन्हा जोडला. पाय पायट्यावर ठेवला आणि तो तसाच राहिला. त्या खिडकीतून माझ्याकडे बघायला लागल्या.

मग उठल्या आणि गळ्यातल्या टेपसकट रस्त्यावर आल्या. माझ्या बोनेटवर त्यांनी तळहात टेकवला.

"मास्तर, ही आत्ता का थरथरत नाही?"

"कारण तुम्ही आत नाही," मास्तर म्हणाले. गंमत म्हणून म्हणाले असतील, पण गंमत जरा बोचरी होती.

"बरोबर बोललात. मग मी आत असले की काय वेगळं होतं, तेवढंच बघू."

त्या आत बसल्या. गिअरला हात लावला नाही, क्लचला पाय लावला नाही. फक्त ब्रेक दाबला. मी थरथरले! अहो, काय सांगू, आरसासुद्धा हलायला लागला. पाय उचलला, मी शांत. दाबला, थरथर. उचलला, शांत. मावशींनी सहा वेळा केलं. सहाव्या वेळी मास्तरांच्या कपाळावरची आठी सरळ झाली आणि तोंड उघडं राहिलं.

"पाय थरथरत नाहीये मास्तर. पाय विचारतोय, आणि ही उत्तर देतेय. मेस्त्रींकडे चला."

"मेस्त्रींनी तीनदा बघितलीय हिला."

"बघितली तेव्हा ब्रेकवर कुणाचा पाय होता का?"

मास्तरांनी मावशींना शेजारच्या जागी बसवलं. गॅरेज दुकानापासून हाकेच्या अंतरावर होतं, तरी मास्तरांनी मला तिथवर मुंगीच्या पावलाने, हँडब्रेकच्या भरवशावर नेलं.

मेस्त्रींनी बोनेट उघडलं. ह्या वेळी मास्तरांनी रोगाचं नाव सांगितलं नाही. मावशींनी लक्षण सांगितलं. मेस्त्री उकिडवे बसून ऐकत होते, ते उठून उभे राहिले. "बसा आत. दाबा. सोडा. परत दाबा. आता दाबूनच ठेवा." मी थडथडत राहिले. मेस्त्रींनी पक्कड घेतली आणि इंजिनाकडून काळ्या डब्याकडे जाणारी ती जाड नळी चिमटीत धरून आवळली.

मित्रांनो, मी थांबले. म्हणजे इंजिन चालूच होतं, पण थरथर थांबली. किती दिवसांनी! कानात बसलेला दडा सुटावा तसं झालं. मावशींचा पाय ब्रेकवर होता आणि मी शांत होते.

"इंजिनाला काही झालेलं नाही," मेस्त्री म्हणाले. "ब्रेकच्या डब्यात पडदा फाटलाय. ब्रेक दाबला की इंजिन त्या फाटक्यातून हवा पितंय आणि ठसकतंय. मास्तर, ब्रेक जड लागत नव्हता तुम्हाला?"

"लागत होता... म्हणजे, असाच तर असतो."

"असाच नसतो. रोज थोडा थोडा जड होत गेला, म्हणून कळलं नाही." मग मेस्त्री इंजिनावर वाकले आणि एकदम चिडले. "आणि हा स्क्रू एवढा कुणी चढवलाय? उभ्या गाडीला धाप लावलीय! हा चढवला नसता तर ही दोन वर्षांपूर्वीच माझ्या दारात ब्रेक लावताच बंद पडली असती आणि मला तेव्हाच कळलं असतं. दुखणाऱ्याचं तोंड दाबून ठेवलंत तुम्ही."

मास्तरांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मेस्त्रींच्या फळीवर त्यांच्या हत्यारांत ठेवून दिला. तो आजही तिथेच आहे.

"मावशी," ते म्हणाले, "तुम्ही दोनदा नापास झालात, त्यातली निदान एक खेप माझी."

"दोन्ही तुमच्याच, मास्तर," मावशी म्हणाल्या. "पण तिसरी माझी असू द्या."

माझ्या वयाच्या गाडीसाठी नवा डबा कुठून मिळायचा? मेस्त्री भंगारवाल्याकडून एक शोधून घेऊन आले. माझ्याच कारखान्यातली, माझ्याच वयाची एक गाडी तिथे चाकांविना पडून होती. तिच्या डब्यातला पडदा मात्र धडधाकट. कोण जाणे, पट्ट्यावर माझ्या पुढे होती तीच असेल. तिचा श्वास माझ्या पोटात बसवताना मला भरून आलं. ह्या कामात चार दिवस गेले. शेवटी मेस्त्रींनी तो चढवलेला स्क्रू मूळ जागी आणला, एका हाताने चहाचा पेला माझ्या इंजिनावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने इंजिनाचा आवाज कमीजास्त करत राहिले. चहा हलला नाही. ते तो प्यायचेच विसरले आणि चहा गार झाला.

तुम्हाला वाटलं, गोष्ट संपली? कसची! परीक्षेला चार दिवस होते आणि आता नवाच घोटाळा उभा राहिला. इतके दिवस इंजिन जास्तीच्या जोराने फिरत होतं, म्हणून क्लच कसाही सोडला तरी मी ओढून नेत होते. आता तो जादा जोर गेला. मावशींनी क्लच सोडला आणि मी धक्का खाऊन बंद पडले. पुन्हा, पुन्हा. मावशींच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"उतरा, मी दाखवतो," मास्तर म्हणाले. रुबाबात चालकाच्या जागी बसले, क्लच सोडला आणि मी बंद पडले! दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही. एकोणीस वर्षं शिकवणारा माणूस स्वतःच्या गाडीत मुंगी चावल्यासारखा उड्या मारत होता. मावशी आधी पदरात तोंड लपवून हसल्या, मग उघडउघड हसल्या. शेवटी मास्तरही हसले. त्यांचं हसणं मी इतक्या वर्षांत क्वचित ऐकलं होतं.

"म्हणजे दोघांनाही पहिल्यापासून शिकायचं," मास्तर म्हणाले.

चार दिवस दोघं आळीपाळीने माझ्यावर शिकले. मावशींनी रीत काढली. टाका घालताना कापड ओढायचं नाही, मशीनला नेऊ द्यायचं, तसं क्लच सोडताना मला आधी माझी पकड घेऊ द्यायची. त्यांच्या पायाला ते बरोबर कळत होतं. मास्तरांच्या पायाला एक दिवस जास्त लागला.

परीक्षेच्या सकाळी मास्तर लांब कट्ट्यावर बसले. परीक्षेत त्यांना माझ्या आत बसता येत नाही. त्यांच्या शेजारी मावशींचे यजमान बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. मी आतून नुसती धास्तावले होते. दुसऱ्या गाडीचा पडदा, जुनं शरीर, नेमकं आजच काही झालं तर? मावशींच्या शेजारी बसलेल्या साहेबांनी पाटीवर कागद लावला आणि आम्ही निघालो. वळणं झाली, मागे घेणं झालं. मग चढाच्या पायथ्याची ती पांढरी रेघ आली.

"थांबा. मी सांगेपर्यंत ब्रेक सोडायचा नाही."

मावशींनी ब्रेक दाबला. साहेब खाली मान घालून काहीतरी लिहीत राहिले. मी जीव मुठीत धरून उभी होते. साहेबांनी वर पाहिलं, कान दिला आणि सुस्कारा सोडला.

"बाई, पुन्हा बंद पडली की हो. तिसरी वेळ." त्यांचं पेन फुलीच्या चौकोनाकडे गेलं.

"साहेब, चालू आहे."

"कुठे चालू आहे? आवाज नाही, हालचाल नाही."

"हात ठेवून बघा ना."

साहेबांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. अगदी खोल, अगदी बारीक अशी माझी गुरगुर त्यांच्या हाताला लागली असणार, कारण त्यांच्या भुवया वर गेल्या. पेन चौकोनापासून मागे आलं.

"निघा," ते म्हणाले.

मावशींनी मला माझी पकड घेऊ दिली. मी चढ चढले. वर पोहोचल्यावर कट्ट्याकडे पाहिलं, तर मास्तर उभे होते आणि यजमानांची काठी त्यांच्याच हातात होती. आनंदाच्या भरात त्यांनी ती का घेतली होती, देव जाणे.

त्यानंतर महिना संपला, शेजाऱ्यांचं बिऱ्हाड हललं. मी पुन्हा नव्या लोकांना शिकवायला लागले. मास्तर अजूनही तोच पाढा म्हणून घेतात, पण त्यांनी त्यात एक भर घातली आहे. गाडी पहिल्यांदा थांबली की ते शिकणाऱ्याला विचारतात, "पायाला काय लागतंय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतात. गप्प बसणं त्यांना जड जातं, हे मला दिसतं.

परवा सिग्नलला आम्ही उभे होतो. शेजारी एक निळी गाडी येऊन थांबली. चालवत होत्या मावशी. मास्तरांनी काच खाली केली आणि सवयीने ओरडले, "मावशी, हँडब्रेक! पाय मोकळा!"

मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पाय राहू द्या मास्तर तिथेच. त्याच्यावरच ह्यांची झोप अवलंबून आहे, हँडब्रेक करकरला की जागे होतात."

शेजारच्या जागी यजमान झोपले होते. दवाखान्यातून परतताना ते फार दमलेले असतात. त्यांचं डोकं काचेला टेकलं होतं आणि काच जराही हलत नव्हती. दिवा हिरवा झाला, निळी गाडी अलगद निघाली, तरी त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

मित्रांनो, मला पुसा, धुवा, वेळच्या वेळी मेस्त्रींकडे न्या, हे सगळं मी सांगायला हवंच, जुनी गाडी आहे मी. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात, वर्गात, गोठ्यात कुणी थरथरताना दिसलं तर लगेच त्याला घाबरट म्हणू नका आणि त्याचं तोंड बंद करायला कुठला स्क्रू पिळू नका. ते कधी थरथरतं आणि कधी थांबतं, एवढं बघा. तेवढं बघायला जवळ बसावं लागतं, आणि पाय काढून घ्यायची घाई करून चालत नाही.